जाळी कोणी घासावी?



आपल्या या पानावर बी-बियाणे, खते, गुरांचे रोग, विहिरीचे पाणी अशा विषयांवर नेहमी लिहिले जाते. आज मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे ती वस्तू वर्षातले दहा महिने परसात भिंतीला टेकून उभी असते आणि नाताळ जवळ आला की मगच तिची आठवण होते. मांसाला धुरी देण्याच्या पिंपातील लोखंडी जाळी ती. नाताळपासून उपवासकाळ लागेपर्यंत आपल्याकडे लग्ने होतात, डुकरे कापली जातात, आणि ही जाळी या घरून त्या घरी फिरत राहते. ती घासून परत करावी की तशीच द्यावी, घासायची तर कशाने आणि कोणी, याविषयी माझे काही ठाम मत आहे. ते सगळ्यांना पटेलच असे नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. "जाळी घासू नये, जुन्या जाळीनेच चव येते, पूर्वापार असेच आहे," असे म्हणणारे पुष्कळजण भेटतात. पूर्वापार असे काही नव्हते, कारण पूर्वापार ही जाळीच नव्हती. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल १५१० पासून १९६१ पर्यंत राहिला. त्यांच्या स्वयंपाकातले चोरीस आपल्या लोकांनी उचलले, त्यात आपली मिरची, माडाचा शिर्का आणि लसूण भरली. या चोरिसांच्या माळा उन्हात वाळवून चुलीवर उंच काठीला टांगत. रोजच्या स्वयंपाकाचा धूर वर जाता जाता निवत असे आणि मग त्या माळांना लागत असे. मांस आणि निखारा यांच्यात माणसाच्या उंचीएवढे अंतर पडे. पुढे घरात गॅस आला, चूल बाहेर गेली, आणि तेलाचे रिकामे पिंप आडवे कापून त्यात वेल्डरकडून गजांची जाळी बसवून घेण्याची युक्ती निघाली. युक्ती चांगली आहे. लाकूड कमी लागते, काम लवकर उरकते. पण या पिंपात मांस निखाऱ्यापासून जेमतेम हातभर उंचीवर, लोखंडाला टेकलेले असते. आपल्या आजीने जाळी घासण्याचा नियम सांगितला नाही याचे कारण एवढेच, की तिच्याजवळ घासायला जाळी नव्हती. तेव्हा हा नियम आता आपणच घालून घ्यायला हवा.

त्या जाळीवर नेमके काय साचते ते पाहू. मांस तापले की चरबी वितळते. काही निखाऱ्यावर पडते, काही गजांवरच पसरून राहते. निखाऱ्यावर पडलेली चरबी जळून काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, आणि त्या धुरातील काजळी व डांबर पुन्हा वर येऊन गजांवर आणि मांसावर बसते. मांसाचे चिकटलेले तुकडे, मसाला, साखर घातली असल्यास तिचा पाक, हे सगळे त्यातच जळते. असे दोन-चार वेळा झाले की गजावर बोटाच्या पेराएवढा जाड, बाहेरून कडक व आतून मेणचट असा थर तयार होतो. यालाच आपण कीट म्हणतो. पुढचे मांस ठेवण्यासाठी जाळी तापवली की हे कीट पुन्हा मऊ होते, त्यातली महिन्या-दोन महिन्यांची खवट चरबी पाझरते, काही निखाऱ्यावर पडून पुन्हा काळा धूर होतो, काही थेट नव्या मांसाला लागते. ज्याला आपण जुन्या जाळीची चव म्हणतो ती ही. धुराची खरी चव लाकडातून येते. ती लागण्यासाठी दर वेळी नवे, चांगले वाळलेले लाकूड आणि मंद आच लागते. मागच्या नाताळची चरबी लागत नाही.

चवीपुरतीच गोष्ट असती तर मी हे लिहिले नसते. ज्याची त्याची आवड. पण काजळी आणि डांबर यांचा इतिहास वाईट आहे. इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने १७७५ साली लिहून ठेवले, की धुराडी साफ करणाऱ्या लोकांना जांघेत एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे कारण कातडीच्या घड्यांत साचून राहणारी काजळी हे आहे. ही माणसे लहानपणापासून, अंगाने बारीक असल्यामुळे, धुराड्यांत चढवली जात. एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवले गेल्याचे हे फार जुने उदाहरण. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने कोळशाचे डांबर चोळून तसाच रोग उत्पन्न करून दाखवला. आणि १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन नावाचे द्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य माणसात कर्करोग उत्पन्न करणारे आहे यावर आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे शिक्कामोर्तब झालेले आहे. लाकूड अर्धवट जळते तेव्हा ते तयार होते. चरबी निखाऱ्यावर जळते तेव्हाही तयार होते. आणि आच जितकी तीव्र तितके ते जास्त तयार होते.

युरोपात धुरी दिलेल्या मांसात हे द्रव्य किती असू द्यावे याची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. सप्टेंबर २०१४ पासून ती एका किलोमागे ५ मायक्रोग्रॅमवरून २ मायक्रोग्रॅमवर आणली गेली. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. यावरून वस्तू किती जहाल आहे याची कल्पना यावी. ज्यांच्याकडून आपल्याकडे चोरीस आले त्या पोर्तुगालला आणि आणखी काही देशांना आपल्या पारंपरिक धुरीच्या मांसासाठी ही नवी मर्यादा जड गेली. तेव्हा त्यांच्या स्थानिक बाजारापुरती जुनी मर्यादा काही काळ चालू ठेवण्याची सवलत त्यांना देण्यात आली. मात्र धुरी देण्याची पद्धत शक्य तेवढी सुधारावी, असे त्याबरोबरच बजावण्यात आले. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. परंपरा ठेवावी आणि तिच्यातली घाण काढावी.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांची फसवणूक होईल. जाळी कितीही लख्ख घासली तरी धुरीचे व खारवलेले मांस निर्धोक होत नाही. याच संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा हिशेब आहे. रोज, हा शब्द लक्षात घ्यावा. आपल्याकडे सणाला आणि लग्नाला खाणारेच अधिक आहेत, आणि मी स्वतः त्यांच्यापैकी एक आहे. चोरीस-पावाला नाही म्हणण्याइतका माझा वैराग्याचा अभ्यास झालेला नाही. परंतु जे थोडे खायचे त्यात मागच्या वर्षीचे कीट कशाला मिसळून घ्यावे? कमी खावे हा एक उपाय आणि जाळी स्वच्छ ठेवावी हा दुसरा. एक केला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जाळी कोणी घासावी?

आज ती कोण घासते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पिंप पेटवणे, मांस उलटेपालटे करणे, शेजारी खुर्च्या टाकून गप्पा मारणे हे पुरुषांचे काम समजले जाते. मग पाहुणे जातात, विस्तव विझतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड, घट्ट झालेली जाळी घरातल्या सुनेपुढे, नाहीतर कामाला येणाऱ्या बाईपुढे, नाहीतर बारा वर्षांच्या मुलापुढे येऊन पडते. गरम असताना दहा मिनिटांत जे निघाले असते त्याला थंड झाल्यावर दोन तास लागतात. मूल कोपरापर्यंत काळे होते. पिंपाच्या आतली काजळी खरवडायला, हात बारीक आहेत म्हणून त्यालाच आत वाकायला सांगतात. लंडनच्या त्या धुराड्यांतल्या मुलांची गोष्ट मी वर मुद्दाम सांगितली ती यासाठी. वर्षातून चार वेळा केल्याने त्या मुलांसारखे होईल असे मी म्हणत नाही. पण जे काम मोठ्या माणसाला हातमोजे घालून सहज करता येते ते पोराच्या उघड्या हातांवर का टाकावे?

माझे मत असे, की ज्याने पिंप पेटवले त्यानेच जाळी घासावी, आणि ती गरम असतानाच घासावी. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. सेमिनरीत आम्हाला पाळीपाळीने स्वयंपाकघरातली मोठी पातेली घासावी लागत. कोण कुठल्या घरचा, कोणाचा बाप किती शेतीचा मालक, हे त्या मोरीवर कोणी विचारत नसे. शिवाय यात निव्वळ सोयही आहे. आच कुठे जास्त लागली, चरबी कुठे साचली, कोणता गज वाकला हे पेटवणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि आपल्यालाच घासायची आहे हे माहीत असले की माणूस आच आपोआप मंद ठेवतो.

घासण्याची पद्धत अवघड नाही. मांस उतरवल्यावर निखारे असतील तेवढ्यावरच रिकामी जाळी पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावी. वरचे ओले कीट वाळून ठिसूळ होते. या वेळी वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे, धूर तोंडावर घेऊ नये, आणि हे काम पडवीत किंवा छपराखाली करू नये. मग जाड फडक्याने जाळी धरून बोथट उलथन्याने प्रत्येक गज वरून, खालून आणि दोन्ही अंगांनी खरवडावा. खालची बाजू लोक विसरतात, आणि कीट तिथेच जास्त असते. खरवड जुन्या कागदावर घेऊन निखाऱ्यात न टाकता खड्ड्यात पुरावी. उघड्यावर टाकल्यास वासाने कुत्री आणि घुशी येतात.

जाळी हात लावण्याइतकी निवली की पाणी. इथे आपल्याजवळ फुकटचे आणि उत्तम औषध आहे ते म्हणजे लाकडाची राख. ज्या पोटॅशसाठी आपण राख केळीच्या बुंध्याशी टाकतो, तेच पोटॅशचे क्षार गरम पाण्यात उतरले की चरबीशी मिळून एक तऱ्हेचा साबण होतो. गंमत अशी, की ताज्या चरबीपेक्षा खवट झालेल्या चरबीवर राख लवकर चालते. खवट चरबीत सुटे आम्ल जास्त असते आणि क्षार त्यालाच आधी धरतो. राख चाळून घ्यावी, गरम पाण्यात कालवून लापशीसारखी करावी, गजांवर थापून अर्धा तास ठेवावी, आणि नारळाच्या शेंडीने घासावी. कीट फारच जुने असेल तर दहा लिटर कढत पाण्यात पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवून जाळी त्यात रात्रभर बुडवावी. सोड्याचे हे पाणी ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये, भांडे काळे पडून खराब होते. लोखंडी घमेले किंवा प्लॅस्टिकचा टब चालेल. प्लॅस्टिक किंवा रंगवलेली लाकडे जाळलेल्या चुलीतली राख मात्र घेऊ नये. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन जाळी लगेच उन्हात किंवा मंद निखाऱ्यावर वाळवावी. हे ओशट पाणी विहिरीच्या काठाशी किंवा ओढ्यात सोडू नये. दूर खड्डा करून त्यात जिरवावे.

राखेने आणि सोड्याने हात फुटतात, म्हणून हातमोजे घालावेत. काजळी कातडीला लागली तर ती काढायला रॉकेल चोळण्याची सवय वाईट आहे. आधी खाण्याचे तेल चोळावे, डांबर सुटते. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत आणि अंगावरचे कपडे बदलावेत.

तारेच्या ब्रशाबद्दल मात्र मी अगदी कडक आहे. हार्डवेअरच्या दुकानात गंज काढण्यासाठी मिळणारा तो ब्रश पुष्कळजण जाळीसाठी आणतात. ब्रश जुना झाला की त्यातल्या तारा गळतात, सुईसारखी बारीक तार गजाला चिकटून राहते, पुढच्या वेळी मांसात रुतते, आणि खाणाऱ्याला दिसत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील एका रुग्णालयात २०११ ते २०१२ या काळात असे सहा रोगी आले. कोणाच्या घशात तार रुतली होती, कोणाचे आतडे तारेने भेदले होते. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने २०१२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. भांडी घासायची तारेची घासणीही तुटून तिचे तुकडे मागे राहतात. नारळाची शेंडी, विटेचा तुकडा आणि उलथने यांनी जे निघत नाही ते आणखी एकदा तापवल्याने निघते. तारेची गरज पडत नाही. कोणी वापरलीच असेल तर निदान ओल्या कपड्याने प्रत्येक गज पुसून, कपडा उजेडात धरून पाहावा.

कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करण्याचे ॲसिड यांनी जाळी धुणारे लोकही आहेत. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ॲसिड लोखंडच खाते आणि धातू खडबडीत झाला की पुढच्या वेळी चरबी दुप्पट चिकटते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी वायू निघतो. एवढे सांगून हा विषय सोडतो.

सगळाच काळेपणा काढायचा का, असे काहीजण विचारतील. नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. धुऊन वाळवलेल्या जाळीला शेंगातेलाचा अगदी पातळ हात फिरवून ती तापवली की तेल लोखंडावर आवळून बसते आणि एक गुळगुळीत काळी झाक येते, भाकरीच्या जुन्या तव्याला असते तशी. ती ठेवावी, तिच्यामुळे गंज चढत नाही आणि मांस चिकटत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. तेलाची झाक फडक्याला फारशी लागत नाही, नखाने निघत नाही, तिला वास नसतो. कीट फडक्याला चिकटते, नखाने त्याचे पोपडे निघतात आणि नाकाशी नेले की खवट वास येतो. तवा आपण रोज पुसतो, जाळीला वर्षभर हात लावत नाही, एवढाच दोघांत फरक आहे.

जे लोक धुरीचे मांस किंवा चोरीस विकतात त्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी. खवटपणा आधी जाळीला येतो, मग मालाला येतो, आणि गिऱ्हाईक एकदा तोंड वाकडे करून गेले की पुढच्या वर्षी परत येत नाही. शिवाय साचलेल्या चरबीने पिंपाच्या आतच भडका उडू शकतो. माघ-फाल्गुनात जवळच भाताच्या पेंढ्याची गंजी उभी असते हे लक्षात ठेवावे. भडका उडालाच तर पाणी ओतू नये. झाकण लावून हवेची भोके बंद करावीत.

पिंप आणि जाळी यांच्या निवडीबद्दल थोडेच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. औषध-फवारणीचे पिंप कितीही धुतले तरी या कामाला घेऊ नये, फुकट मिळाले तरी घेऊ नये. कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि भडक्याच्या आचेत त्याच्या धुराने ताप भरतो. जुन्या फ्रिजमधली शेल्फची जाळी दिसायला चांगली असते, पण तिच्यावर कशाचा लेप आहे हे पाहून सांगता येत नाही. साध्या लोखंडाचे गज, दोन गजांत बोटभर अंतर, आणि जाळी सुटी निघेल अशी बैठक, एवढे वेल्डरला सांगावे. वेल्ड करून कायमची बसवलेली जाळी कोणीही धड घासू शकत नाही.

आता आपल्या धर्मग्रामाची जी सामायिक जाळी आहे तिच्याविषयी. लग्नकार्याला ती सगळ्यांना मोफत मिळते आणि मिळत राहील. यंदा ती चार घरे फिरून आली तेव्हा तिचा एकही गज मूळ रंगाचा राहिला नव्हता, आणि प्रत्येक घराचे म्हणणे हेच की आमच्याकडे आली तेव्हाच ती तशी होती. म्हणून मोठ्या पातेल्यांच्या खोलीत आता एक वही ठेवली आहे. नेणाऱ्याने नेताना जाळी पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी आणि वहीत सही करावी. परत आणताना तेच फडके पुन्हा फिरवून पाहिले जाईल. सही घरातल्या ज्या माणसाने पिंप पेटवायचे त्याची असावी, मुलांना सही करायला पाठवू नये. जाळी सध्या घासून, तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेली आहे. किल्ली सॅक्रिस्टनकडे मिळेल.